मशीनला तेल सोसत नाही

गुलाबरावांची तनुजा पुण्यात उंदीर पाळते, ही बातमी मेडशीत पहिल्यांदा आली तेव्हा गावाने ती फारशी मनावर घेतली नाही. गावात घरोघरी सोयाबीनची पोती आहेत आणि पोत्यांमागे उंदीर आहेत. त्यांना पाळावं लागत नाही, ते आपलं आपण पाहतात. पण पुढे कळलं की पुण्याच्या या उंदरांना एसीच्या खोल्या आहेत, त्यांच्या अंगाखालचा भुसा वेळच्या वेळी बदलला जातो, त्यांचं काही बिघडलं तर तनुजा स्वतःची झोप मोडून त्यांच्याजवळ जाऊन बसते, आणि एवढं सगळं करण्याचा तिला पगार मिळतो. तेव्हा इंद्रभान शेतातून येता येता मुद्दाम गुलाबरावांच्या दारात थांबला आणि म्हणाला, "काका, आमच्याकडचेबी धाडून द्या न तिच्याकडं. चांगले पोसलेले हायेत. भाडं मी देतो."

तेव्हापासून गावात तिचं नाव 'उंदीरवाली डॉक्टर' पडलं, ते आजतागायत टिकून आहे.

तनुजा डॉक्टर आहे खरी, पण औषधं देणारी नाही. मेंदू कसा घडतो आणि घडताना कुठे अडतो, याचा अभ्यास करणारी डॉक्टर. हे ती गेली कित्येक वर्षं सगळ्यांना समजावून सांगते आहे आणि त्याचा काडीचाही उपयोग झालेला नाही. सुट्टीत घरी आली की ओसरीवर गुडघे येतात, कंबरा येतात, एकदा तर गाभण म्हैस आली. म्हशीला तिने निमूटपणे पाहिलं. नाही म्हणण्याचं त्राण उरलेलं नव्हतं.

तनुजाचा थकवा हा काही आजार नव्हे. काही माणसं गोरी असतात, काही उंच असतात, तनुजा दमलेली असते. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं शाळेतल्या फोटोतही दिसतात. दिवाळीला येते ती फराळाच्या ताटासमोर बसल्या बसल्या पेंगते. हौसाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, याचं निदान केव्हाच करून टाकलं आहे. कोणी विचारलं, पोरगी एवढी सुकली काहून, तर त्या शांतपणे सांगतात, "उंदरायनं खाल्ली."

उंदरांचं खरं काम असं. काही मुलं वेगळ्या घडणीचा मेंदू घेऊन जन्माला येतात. उशिरा चालतात, बोलत नाहीत किंवा आलेले चार शब्द विसरून जातात, गर्दीत कान झाकून घेतात, फिट येते. आपल्याकडे अशा लेकराला देवाघरचं म्हणतात आणि त्याच्या आईला काय वाट्टेल ते म्हणतात. अशातल्या काही मुलांमध्ये एका विशिष्ट जनुकात दोष असतो. तोच दोष मुद्दाम घडवलेले उंदीर तनुजाकडे होते, आणि त्यांच्या मेंदूत पेशीपेशींमधले जोड कसे बनतात, कसे बदलतात, हे ती वर्षानुवर्षं पाहत होती.

एकदा गुलाबरावांनी तिला विचारलं, की तू नेमकं पाहतेस काय. तिने बापाला कळेल असं सांगितलं. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे जायला वाट असते, आपल्या शेतातल्या पांदणीसारखी. येणंजाणं असलं की ती रुंदावते, नसलं की बोरी-बाभळी वाढून बुजते. आपण शिकतो म्हणजे वाटा रुंदावतात. लहानपणी सगळी ओली माती, कुठूनही वाट पडते. माझ्या उंदरांत ती माती फार लवकर वाळून टणक होते, मग कितीही चाला, पाऊल उमटत नाही.

गुलाबराव गंभीर झाले. मग म्हणाले, की आपल्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेली पांदण शेजाऱ्याने नांगरून टाकली आहे, त्याबद्दल तुझ्या पुण्याच्या सायबाची कुठे ओळख आहे का. विज्ञानाचा प्रसार तिथेच थांबला.

*

उंदरांत पाहिलेलं माणसाच्या लेकरांत खरं आहे का, हे कळेपर्यंत उंदरांचं सगळं अर्धवट. त्यासाठी तोच दोष असलेली मुलं हवीत, आणि ती देशभरात मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठाऊक. त्यातली काही दोन मोठ्या शहरांत तपासून झाली होती, पण निष्कर्ष काढायला ती पुरत नव्हती. एखाददुसरं मूल मिळालं तरी गाडं पुढे सरकणार होतं. तनुजा पुण्याला गेली, दोन वर्षं जर्मनीत राहून आली, जगभर पत्रव्यवहार करून थकली, आणि जे पोरगं ती शोधत होती ते सापडलं आसेगावात. मंगरुळपीर तालुका. मेडशीहून सोयरीक होण्याइतकं जवळ.

त्याचं नाव हरीओम. वय सात. लखन आणि निकिता यांचा थोरला मुलगा. बोलत नाही. पंख्याकडे तासन् तास पाहतो. फिट यायच्या, त्या गोळ्यांनी आटोक्यात आल्या. कोणीतरी त्याच्या रक्ताची मोठी तपासणी केली आणि तो कागद फिरत फिरत तनुजाच्या टेबलावर आला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि लोकांना वाटलं तिला भोवळ आली. ती फक्त खाली बसली होती.

मग तिने पुण्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, मागे लागून मशीन मिळवलं. मशीन म्हणजे एक जाडजूड पेटी, तिच्यातून निघालेल्या वायरी आणि वायरींच्या टोकाला बटणाएवढ्या वाट्या. त्या वाट्या डोक्याला मागच्या बाजूने चिकटवायच्या, कारण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत तिथे पोचतं. समोर पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी उलटसुलट होतात, मेंदू त्याला उत्तर देतो आणि पेटी ते उत्तर रेषेत उतरवते. मग त्याच चौकटी थोडा वेळ भरभर दाखवायच्या, म्हणजे त्या वाटेवर गर्दी करायची, आणि पुन्हा पहिल्यासारख्या सावकाश. साधारण मुलांत या दुसऱ्या खेपेला रेष उंच जाते. वाट रुंदावली. तनुजाच्या उंदरांत ती जागची हलत नाही. हरीओममध्ये काय होतं, एवढंच पाहायचं होतं.

वाशीमला अशा मुलांच्या एका शिकवणी केंद्राने तिला मागची खोली वापरायला दिली. मशीन काही दिवसांपुरतंच मिळालं होतं. शनिवारी ते परत पुण्याच्या गाडीत चढायचं होतं, कारण तिथे दुसरे लोक रांगेत उभे होते आणि त्यांचा तनुजावर आधीच राग होता. तुलनेसाठी आजूबाजूच्या गावांतली, अशीच उशिरा बोलणारी पण हा दोष नसलेली, दुसरी मुलंही बोलावली होती. सगळ्या आयांना तिने निरोप धाडला: पोराला डोक्यावरून न्हाऊ घालून आणा.

आया शब्दाला जागल्या. सगळ्यांनी पोरांना डोक्यावरून न्हाऊ घातलं. आणि मग तेल लावलं.

पहिल्या दिवशी खोलीत जी रांग बसली तिच्या डोक्यांवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत होतं. भांग असे पाडलेले की पट्टी लावून तपासावेत. काही कपाळांवरून ओघळ कानापर्यंत आले होते. बिचाऱ्या मशीनला ऐकायचा होता मेंदूतला अगदी बारीक आवाज, आणि मधे तेलाचा थर. पडद्यावर जे उमटलं ते मळणीयंत्रात बसून रेडिओ ऐकावा तसं होतं. तनुजाने प्रत्येकीला समजावलं, नळाखाली शाम्पूने पोरांची डोकी धुतली. पोरं रडली, आया ओशाळल्या. एक म्हणाली, तेल नाही लावलं जी, नुसता हात फिरवला. हात फिरवलेलं ते तेल तिच्या कुंकवापर्यंत पोचलं होतं.

त्या संध्याकाळी मेडशीला आल्यावर तनुजाने सगळ्यांना पुन्हा निरोप टाइप केला: 'कृपया मुलांच्या केसांना कोणतेही तेल लावू नये.' हे ती टाइप करत होती तेव्हा ओसरीवर आईच्या पुढ्यात पाय पसरून बसली होती, आणि हौसाबाई तिच्या डोक्यात ओंजळभर तेल जिरवत होत्या. घरी आलेल्या पोरीच्या डोक्याला तेल न लावता तिला पुन्हा रस्त्यावर कशी सोडायची? चाळिशीला टेकली म्हणून काय झालं? मोबाइलच्या काचेवर थेंब पडला, तनुजाने तो पुसला आणि निरोप धाडला. यात काही विनोदी आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही. दमलेल्या माणसाच्या लक्षात विनोद सगळ्यात शेवटी येतो.

*

हरीओमला घेऊन आली ती त्याची आजी, रंगूबाई. निकिताच्या मांडीवर दुसरं बाळ होतं, लखन कामावर. रंगूबाई म्हणजे बांध्याने लहान, आवाजाने मोठी, कमरेला पिशवी आणि पिशवीत तेलाची बाटली. थंडीचे दिवस, खोबऱ्याचं तेल गोठतं, म्हणून ती बाटली त्या पदरात पोटाशी धरून बसायच्या. हरीओमचं डोकं त्यांनी बसस्टँडवर उतरल्यावर पुन्हा एकदा चोपडलं होतं, कारण गाडीतल्या वाऱ्याने केस विस्कटले होते.

तनुजाने नेहमीप्रमाणे नळाकडे नेलं. तिचा हात डोक्याला लागताच हरीओमने जो सूर लावला तो केंद्राच्या पुढच्या खोलीपर्यंत गेला. मग तो तिच्या मनगटाला चावला आणि टेबलाखाली जाऊन बसला. रंगूबाईंनी शांतपणे सांगितलं, की डोक्याला हात तो फक्त माझा लावू देते, आणि तोबी फक्त तेलाचा. न्हायला घालणं म्हणजे घरात दर खेपेला लढाई, त्याला चार माणसं लागतात.

तनुजाने ट्यूब काढली. त्यात रवाळ लेप असतो. तो चोळला की कातडीवरचं तेल निघतं आणि वाटी बसते. ट्यूब पाहताच टेबलाखालून पुन्हा तोच सूर. तेवढ्यात गाडीची वेळ झाली आणि रंगूबाई नातवाला घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या खेपेला, गुरुवारी, त्या पुन्हा आल्या. पुन्हा तेल. निरोप पोचला होता, निकिताने वाचून दाखवला होता, आणि रंगूबाईंनी तो ऐकून बाजूला ठेवला होता. तनुजाची त्या दिवशी सहनशक्ती संपली. ती रागावली नाही, तेवढा जोर नव्हता, ती नुसती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आजी, मी सांगतलं होतं न. काहून लावलं?"

रंगूबाईंनी नातवाला जवळ ओढलं. सुरुवातीला त्या आडून बोलल्या, थंडीचं, डोक्यातल्या कोंड्याचं. मग खरं बोलल्या.

"तुले नाही समजाचं बाई. याच्या मायले सात वर्सं झाले लोक बोलून राह्यले. पोटुशी होती त हे खाल्लं, थे नाही पाह्यलं, लेकराकडं ध्यान नाही. यस्टीत बसलं की बाया पयले याच्याकडं पाह्यतात, मंग आमच्याकडं. मी याचं डोस्कं कोरडं ठिवून गाडीत बसू? बिनमायचं लेकरू वाटते थे. वेडं त म्हनतातच. आता बेवारस म्हनतीन."

 पहिल्या दिवशी त्या सगळ्या आयांच्या पोरांची डोकी धुताना आपण नेमकं काय पुसत होतो, हे तनुजाला आता दिसलं. दुसऱ्यांच्या घरची पोरं कधी विस्कटलेल्या केसांनीही फिरतात. या आयांना ती चैन परवडत नव्हती. त्यांची पोरं बाहेर निघायची ती चोपडून, भांग पाडून, पावडर लावून, जणू प्रत्येक गाडीत न्यायाधीश बसलेला आहे.

पण मशीन शनिवारी जाणार, हे काही त्यामुळे बदलत नव्हतं. शुक्रवार एक उरला होता. हरीओम उद्या तसाच आला तर हे काम पुढच्या वर्षावर, आणि पुढच्या वर्षी पैसे मिळतील की नाही हे सरांनाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ती मेडशीला गेली. हौसाबाईंनी चेहरा पाहिला, काही विचारलं नाही, सरळ पाट मांडला. बाटली उन्हात ठेवायची राहून गेली होती, तेल घट्ट गोठलेलं. त्यांनी बाटली तळहातावर दोनदा ठोकली, मग बोट घालून पांढरा, रवाळ गोळा बाहेर काढला.

तनुजा त्या बोटाकडे पाहत राहिली. आईच्या बोटावर जे होतं ते दिसायला हुबेहूब तिच्या ट्यूबमधल्या लेपासारखं होतं.

"माय, थांब."

"काय झालं?"

"थे बाटली मले दे. रिकामी करून."

हौसाबाईंना वाटलं, पोरगी आता मात्र गेली. पण उंदरांनी खाल्लेली पोरगी, एक बाटली मागते तर देऊन टाकावी. त्यांनी तेल वाटीत काढून घेतलं, बाटली राखेने घासली आणि दिली. हरीओमच्या घरी जी निळी बाटली होती तीच ही. जिल्ह्यात दुसरी कोणी घेतच नाही.

मग तनुजाने आसेगावला फोन लावला. निकिताने तो सासूकडे दिला. वाट्या चिकटवायच्या तर त्या शिकलेल्या माणसानेच, असा तिच्या प्रयोगशाळेचा नियम आहे, आणि तो तिने स्वतःच लिहिलेला आहे. तो नियम तिने त्या संध्याकाळी मोडला. "आजी, उद्या तेल तुमीच लावा," ती म्हणाली. "पन घरी नाही. अठी येऊन, माह्यासमोर. पयले माह्या बाटलीतलं, मंग तुमच्या बाटलीतलं. दार लावून घेऊ. बाहीर पडाच्या आधी पोरगं तुमाले पायजे तसं चोपडा."

 मग रंगूबाईंनी एकच अडचण सांगितली. "आन यस्टीत?"

 ती म्हणाली, "पदर घ्या आजी, दुसरं काय सांगू?"

*

शुक्रवारी रंगूबाई आल्या. आसेगावपासून वाशीमपर्यंत हरीओमचं डोकं त्यांनी मांडीवर घेऊन पदराखाली झाकून आणलं होतं. शेजारच्या बाईने विचारलं, ताप आहे का. रंगूबाई म्हणाल्या, हो. नातवाला ताप आहे असं खोटं सांगितल्याचं त्यांना फार लागलं होतं आणि ते त्यांनी खोलीत येताच तनुजाला ऐकवलं.

पदर काढला तेव्हा केस रुक्ष, चहूबाजूंनी उभे. जुनं तेल होतंच थोडं, पण आजचं नव्हतं. रंगूबाईंनी भिंतीकडे पाहत विचारलं, दार लावलं का. लावलं होतं, कडीसुद्धा.

तनुजाने निळी बाटली पुढे केली. रंगूबाईंनी हुंगून पाहिली, नाक मुरडलं, आणि खाली बसल्या. हरीओम पंख्याखाली उभा होता. त्यांनी बाटली तळहातावर ठोकली, ठप ठप, झाकण काढलं आणि बोटभर लेप घेतला. हरीओम आला आणि त्यांच्या गुडघ्यांत पाठमोरा बसला. तनुजाने बोटाने हवेत जागा दाखवायची आणि रंगूबाईंनी तिथे चोळायचं, कापसाने पुसायचं, पुन्हा चोळायचं. चोळताना त्या घरी असल्यासारख्या पुटपुटत होत्या. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या तुरीवर अळी पडली, निकिता चहात साखर जास्त टाकते. रंगूबाईंच्याच बोटांनी वाट्या लागत गेल्या. एक, दुसरी, कानामागे एक. वायर गळ्यावर आली तेव्हा हरीओमने खांदा उडवला. रंगूबाईंनी अळीचा विषय वाढवला.

पडद्यावर रेष उमटली. स्वच्छ.

तनुजाने बटण दाबलं. चौकटी सुरू झाल्या. हरीओमला टीव्हीतल्या कोणत्याही मालिकेत रस नव्हता, पण या चौकटी त्याला आवडल्या. त्यात कोणी रडत नव्हतं आणि मोठमोठ्याने बोलतही नव्हतं. तो एकटक पाहत राहिला. आधी सावकाश चौकटी. मग भरभर, फिटचा धोका होणार नाही असं त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवलेल्या वेगाने. मग पुन्हा सावकाश.

आकडे मिळवायला थोडा वेळ लागला. आधीची रेष आणि नंतरची रेष तिने एकमेकींवर ठेवली. दोन्ही एकच. नंतरच्या रेषेने बोटभरही मान वर केली नव्हती. तिच्या उंदरांची असते अगदी तशी.

याच रेषेसाठी तिने तारुण्य घालवलं होतं. तिचं म्हणणं खरं निघालं होतं. आता हसावं, सरांना फोन करावा, निदान उठून पाणी प्यावं, असं तिला वाटलं, पण ती बसूनच राहिली.

रंगूबाईंनी वाट्या काढू दिल्या आणि विचारलं, "काय दिसलं बाई?"

"जे मले पायजे होतं, थे."

"मंग तोंड असं काहून केलं?"

तनुजाने सांगितलं. तिला गोड करून सांगता येत नाही. उंदरांशी बोलून बोलून ती सवय गेली आहे. हरीओमच्या मेंदूतल्या वाटा लवकर टणक होतात, शिकवलेलं सहज उमटत नाही. आता हे माणसांतही दिसलं म्हटल्यावर औषध शोधणाऱ्यांना कुठे शोधायचं ते कळेल. पण त्याला वर्षं लागतील. हरीओमच्या कामी येईल की नाही, ते ती सांगू शकत नाही.

रंगूबाईंनी ऐकलं. "म्हंजे तुह्या उंदराचं झालं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नाही, तनुजाला कळलं नाही. मग त्या पुढे म्हणाल्या, "होऊ दे. कोनाचं त झालं."

आणि त्यांनी पोटाशी धरलेली स्वतःची बाटली काढली. कराराप्रमाणे आता त्यांची पाळी होती. हरीओम पुन्हा पंख्याखाली गेला होता, वर तोंड करून, त्यांच्याकडे पाठ. त्यांनी बाटली ठोकली, ठप ठप. झाकण अजून उघडलं नव्हतं, हात पुढे गेला नव्हता.

हरीओमने मान खाली घातली.

तनुजाने आधी वायरींकडे पाहिलं. त्या गुंडाळून पेटीत गेल्या होत्या.

"आजी, हे असं तो कधीपासून करते?"

"काय?"

"मान. आवाज झाला की."

रंगूबाई विचारात पडल्या. असं कोणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आधी हातच लावू देत नव्हता, त्या म्हणाल्या. सकाळ-संध्याकाळ बाटली वाजवायची, तो पळायचा. बरेच पावसाळे-हिवाळे गेले. मग एका सकाळी मान आपसूक खाली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मान खाली घातली, यात सांगण्यासारखं काय?

तनुजाने हौसाबाईंची बाटली उचलली आणि ठोकली. हरीओम पंखा पाहत राहिला. रंगूबाईंनी आपली ठोकली, मान खाली.

"तुह्या हाताचं नाही थे," रंगूबाई म्हणाल्या आणि तेल चोपडायला लागल्या. भांग पाडला, पावडर लावली, काजळाचा ठिपका ठेवला. मग कडी काढून, नातवाला हाताशी धरून, पदर डोक्यावरून सरळ करून, त्या सगळ्या वाशीमच्या देखत बसस्टँडकडे गेल्या.

तनुजाने पुण्याला फोन केला. रेष मिळाली म्हणून सरांनी तोंड भरून कौतुक केलं. मग ती म्हणाली, की मशीन आणखी काही दिवस ठेवता येईल का. टणक झालेल्या मातीतही कुठेतरी वाट पडली आहे, फार उशिरा, फार चालल्यावर, पण पडली आहे. ती आपल्या चौकटींना दिसली नाही, कारण आपण थोडाच वेळ चाललो. सरांनी विचारलं, पुरावा काय. ती म्हणाली, ओळखीचा आवाज ऐकून खाली जाणारी एका मुलाची मान, आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. सरांनी विचारलं, मग तुला ऐकवायचं काय आहे त्याला, कोणता आवाज?

"तेलाची बाटली, सर. तळहातावर."

 सर अतिशय मायेने म्हणाले, "तनुजा, तू थोडे दिवस सुट्टी घे."

मशीन ठरल्याप्रमाणे शनिवारी गेलं. पेटीच्या झाकणावर रंगूबाईंचा तेलकट अंगठा उमटला होता. तो स्पिरिटने पुसूनही पुरता निघाला नाही, आणि त्यावरून पुण्याहून एक तिखट ईमेल आली, असं म्हणतात.

तनुजाने सुट्टी घेतली. म्हणजे मेडशीला आली आणि झोपली. इंद्रभान उंदरांचं औषध विचारायला आला, त्याला गुलाबरावांनी पांदणीच्या गोष्टी सांगून परत लावलं. उन्हं कलली तेव्हा ती उठून ओसरीवर आली, मांडीवर कागद घेऊन. पुढच्या वर्षी मशीन मागायचं तर कारण काय लिहायचं, हे तिला जमत नव्हतं. 'बाटली' हा शब्द लिहून तिने दोनदा खोडला होता. मागे हौसाबाई येऊन बसल्या, आपल्याच नादात, लेकीच्या डोक्याकडे पाहत. त्यांनी बाटली ठोकली.

तनुजाची मान खाली गेली.

ती तशीच राहिली, हातात पेन, नजर कागदावर.

"आता काहून थांबली?" हौसाबाईंनी विचारलं.

"काही नाही माय. पुन्हा एकदा वाजव."